फाळके, वाटाणा आणि एका मिनिटाचं गणित

दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचलेली असणार. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला, महिनाभराहून जास्त दिवस रोज एक फ्रेम टिपली, आणि त्यातून रोप वाढतानाचा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट तयार झाला. नाव 'अंकुराची वाढ', साल १९१२.

गोष्ट छान आहे, फक्त तिच्यातले आकडे एकमेकांशी जमत नाहीत.

हिशोब सोपा आहे, माझ्याबरोबर करून बघा. मूकपटांच्या काळात साधारण सेकंदाला १६ फ्रेम असा वेग धरतात. रोज एक फ्रेम, दिवस समजा ३५. झाल्या ३५ फ्रेम. पडद्यावर त्या दोन सेकंदांत संपतील. प्रेक्षकानं खुर्चीत नीट बसेपर्यंत वाटाणा उगवून, वेल होऊन, खेळ खलास! उलट बाजूनं या. मिनिटभराच्या चित्रपटाला ९६० फ्रेम लागतात. त्या महिनाभरात पसरल्या तर रोजच्या ३२ येतात. म्हणजे चित्रपट खरंच मिनिटभराचा असेल, तर 'रोज एक फ्रेम' हे सांगण्याच्या ओघात आलेलं सोपं रूप आहे. आणि रोज खरंच एकच फ्रेम असेल, तर मिनिट गेलं.

हा खोडसाळपणा मी का करतेय? कारण माझ्या पीएचडीचा बराचसा वेळ हेच करण्यात जातो. मी वेलींच्या शेंड्यांची हालचाल मोजते. वाढत्या शेंड्यासमोर कॅमेरा लावायचा, ठरावीक वेळानं फोटो घ्यायचे, मग ते सलग पळवायचे. ह्याला आम्ही टाइम-लॅप्स म्हणतो. तुमच्या फोनमध्येही ती सोय असते. माझा कॅमेरा दर १० मिनिटांनी आपला आपण फोटो घेतो. दिवसाचे १४४, तीस दिवसांचे ४३२०. सेकंदाला २४ ह्या वेगानं ते बरोबर ३ मिनिटं चालतात. फाळक्यांकडे आपोआप चालणारं काही नव्हतं. हात होता आणि हँडल होतं.

त्या काळच्या हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला सहसा ८ फ्रेम पुढे सरकत. रोजच्या ३२ फ्रेम म्हणजे चार फेरे. सगळे एकदम फिरवले तर ३२ फ्रेमांत रोप जवळजवळ स्थिर दिसणार आणि दुसऱ्या दिवसाच्या फ्रेमला टुणकन उडी मारणार. दिवसातून चार वेळा एकेक फेरा दिला तर उड्या लहान होतील, पण राहतीलच. वाटाण्याचा शेंडा वाढताना सरळ वर जात नाही, हवेत गोल फिरत जातो, आणि त्याचा एक फेरा तासा-दीडतासात पुरा होतो. दिवसातून चारदा बघणाऱ्या कॅमेऱ्याला तो फेरा दिसणारच नाही. शेंडा आत्ता इथे, मग तिथे, असा नाचताना दिसेल. शिवाय ऊन रोज सारखं नसतं, त्यामुळे प्रत्येक उडीबरोबर चित्र उजळणार किंवा काळवंडणार. तरीही बी फुटलं, कोंब आला, वेल झाली हे बघणाऱ्याला कळणारच. तेवढंच हवं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर 'जगातला पहिला' वगैरे सुरू होतं. वनस्पतींची वाढ अशी चित्रित करणारे फाळके पहिले नव्हेत. लाइपझिगमध्ये विल्हेल्म फेफर ह्या वनस्पतीशास्त्रज्ञानं हे १९०० च्या आसपासच केलं होतं, आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथचा 'बर्थ ऑफ अ फ्लॉवर' १९१० मध्ये आला होता. ह्यानं फाळके लहान होत नाहीत. आपल्याकडे हे कुणी करून दाखवलेलं नसताना त्यांनी नेमकं हेच दाखवायला निवडलं, ह्यात त्यांचं डोकं कसं चालायचं ते दिसतं.

हे डोकं तयार कसं झालं ते थोडक्यात सांगते. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, साचेकाम, छपाईचे ठसे असं मिळेल ते शिकले. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला. तिथल्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. लोणावळ्याकडे छपाईत शिरले, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछापांचं काम केलं, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले, आणि परतल्यावर भागीदारांशी पटेना म्हणून तोही छापखाना सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोगही करायचे, 'प्रोफेसर केळफा' ह्या नावानं. (फाळके उलटं वाचा.)

चरित्रकार ह्याला 'धरसोड' म्हणतात किंवा 'ध्यास' म्हणतात. मला ह्यात एकच धागा दिसतो. प्रकाशानं कागदावर किंवा काचेवर चित्र कसं उमटतं, आणि ते हजार वेळा कसं उमटवायचं, ह्याभोवतीच हा माणूस वीस-पंचवीस वर्षं फिरत होता. ठसे, शिळाछाप, फोटो ही सगळी एकाच घरातली भावंडं. सिनेमा त्या घरात सर्वांत शेवटी जन्माला आला, एवढंच.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर का नाहीत हा प्रश्न डोक्यात बसला. हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढे जाते. त्यानंतरचे महिने मला जास्त महत्त्वाचे वाटतात. मिळेल तो चित्रपट ते बघत सुटले, उरलेल्या वेळात वाचन, प्रयोग. झोप अगदी थोडी. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि पुन्हा तेच सुरू.

फेब्रुवारी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. ओळख कुणाची नाही. 'बायोस्कोप' ह्या सिनेमाच्या साप्ताहिकाचं कार्यालय गाठलं आणि संपादक कॅबोर्न ह्यांना भेटले. ह्या धंद्यात पडू नका असंच त्यांनी आधी सुचवलं, पण हा माणूस ऐकत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याच्या स्टुडिओचं दार उघडून दिलं. तिथं काम कसं चालतं ते फाळक्यांनी पाहिलं. मुक्काम सगळा मिळून दोनेक आठवड्यांचा. विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र असं सामान ठरवून परत. आपल्याकडे एखादं उपकरण वापरायला शिकायला सहा महिन्यांची ट्रेनिंग मागणाऱ्यांनी (माझ्यासकट) हे दोन आठवडे ध्यानात ठेवावेत.

आता वाटाण्याकडे येऊ. फाळक्यांना पैसा उभा करायचा होता आणि ज्यांच्याकडून मिळायचा त्यांना सिनेमा म्हणजे काय हे पटवायचं होतं. संशोधनातली मंडळी हसतील, कारण हे आमचं रोजचं दुखणं आहे. निधी मागायला गेलं की विचारतात, "प्राथमिक निष्कर्ष आहेत का?" म्हणजे काम करायला पैसे हवेत, आणि पैसे मिळवायला आधी थोडं काम करून दाखवायला हवं. 'अंकुराची वाढ' हा फाळक्यांचा प्राथमिक निष्कर्ष.

मग वाटाणाच का? ते एखादा छोटा प्रसंग चित्रित करू शकले असते. रामाचा, कृष्णाचा. पण तो बघून सावकार म्हणाला असता, हे तर नाटकच, मग नाटक कंपनीलाच पैसे का देऊ नये? नाटक आपल्याकडे चांगलं जोरात होतं, त्याच्याशी स्पर्धा नको. रंगमंचावर काय वाट्टेल ते दाखवता येईल, पण महिनाभराची वाढ मिनिटात दाखवता येत नाही. ते फक्त कॅमेऱ्याला येतं. फाळक्यांनी नेमकी तीच गोष्ट निवडली. आणि वाटाणा लवकर उगवतो, चढतो, त्याचे तणावे (आधाराला गुंडाळणारे ते दोऱ्यासारखे धागे) बघायला मजा येते, नट म्हणून मानधन मागत नाही. फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी आणि आणखी काही जणांना हे रोपटं दाखवलं, आणि चित्रपटासाठी कर्ज मिळायची वाट मोकळी झाली.

इथून पुढे घराची प्रयोगशाळा झाली, आणि इथेच मला थोडं थांबायचं आहे. कारण ह्या प्रयोगशाळेत दुसरी एक व्यक्ती होती आणि तिचं नाव आपण फार घाईत उरकतो. सरस्वतीबाई फाळके. 'पतीला मोलाची साथ दिली' हे वाक्य तिच्या वाट्याला येतं. साथ म्हणजे नक्की काय?

कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. कडेची भोकं घरी, अंधारात पाडावी लागत, उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या आणि रात्री बसून करत. आता पुन्हा गणित. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार, एकूण आठ भोकं. एका फुटात १६ फ्रेम. म्हणजे फुटाला १२८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट. गुणा: ४,७३,६००. ही फक्त पडद्यावर आलेल्या लांबीची. निगेटिव्हवरून प्रत काढायची म्हणजे दुसरी तेवढीच फिल्म, आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास जातो. ह्यात फुकट गेलेली फिल्म धरलेलीच नाही. सगळी भोकं एकटीनं पाडली असं मी म्हणत नाही, आणि यंत्राच्या प्रत्येक दाबाला एकच भोक पडतं असंही नाही. पण अंधारात बोटांनी पट्टी सरळ धरायची, अंतर चुकू द्यायचं नाही. कारण अंतर केसभर जरी हुकलं तरी पडद्यावर अख्खं चित्र थरथरतं, आणि ते कळतं फिल्म धुऊन झाल्यावर, म्हणजे दुरुस्तीची वेळ गेल्यावर.

फिल्म धुण्याची रसायनं कालवण्यात त्या होत्या. चित्रीकरणात उन्हाचा उजेड नटांवर वळवायला पांढऱ्या चादरी धरण्यात त्या होत्या. साठ-सत्तर माणसांच्या जेवणाचं बघण्यात होत्या, आणि दागिनेही ह्याच कामी गेले. रसायनांचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि उष्ण पाण्यात तो फुगतो, सुटतो. दादरच्या हवेत द्रावण प्रमाणाबाहेर गरम होऊ न देणं हेच एक मोठं काम. आमच्या लॅबमध्ये ह्या सगळ्याला 'टेक्निकल असिस्टन्स' म्हणतात आणि शोधनिबंधाच्या शेवटी आभारात एक ओळ देतात. काही लॅबमध्ये मात्र हे करणाऱ्याचं नाव लेखकांमध्ये असतं. माझं मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूचं आहे.

'राजा हरिश्चंद्र' २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. तारामती झाले होते साळुंके, एका हॉटेलातले स्वयंपाकी, कारण बाईचं काम करायला बाई मिळेना. लांबी ३७०० फूट, आणि फुटाला १६ फ्रेम, सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद. तास नि वर दीड-एक मिनिट. मूकपटांच्या बाबतीत हा हिशोब फार सोयीचा आहे, फूट दिसले की सेकंद समजायचे.

इथे तोरण्यांचा वाद येतोच. दादासाहेब तोरणे ह्यांचा 'पुंडलिक' ह्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला, म्हणजे वर्षभर आधी लागला होता. मग पहिला कोण? 'पुंडलिक' हे नाटकाचं चित्रीकरण होतं, छायाचित्रकार परदेशी होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली होती, असं फाळक्यांच्या बाजूचे लोक सांगतात. तोरण्यांच्या बाजूचे म्हणतात, नाटकाचं असलं म्हणून काय झालं, कॅमेऱ्यासमोर कथा तर घडली ना? मला 'पहिला' ह्या शब्दातच फारसा रस नाही. पण फरक कुठे आहे ते स्पष्ट आहे. भोकं पाडण्यापासून प्रत काढण्यापर्यंत सगळी साखळी फाळक्यांनी इथे, एका घरात उभी केली. एकदा ती उभी राहिल्यावर दुसरा, तिसरा, दहावा चित्रपट त्याच साखळीतून निघू शकत होता. आणि निघाले.

पुढची काही वर्षं भराभर गेली. मुक्काम नाशिकला हलला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ह्या पडद्यावर आल्या, म्हणजे बाईचं काम बाईनंच केलं. १९१४ ला फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. मग महायुद्ध. कच्ची फिल्म बाहेरून येणार, पैसा आटलेला, दोन्हीकडून कोंडी. १९१७ चा 'लंका दहन' तुफान चालला. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते! १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. काडेपेट्यांतल्या काड्या नाचवणारा 'आगकाड्यांची मौज' आणि 'चित्रपट कसे तयार करतात' हे छोटे चित्रपटही ह्याच काळातले. दुसरा मला फार आवडतो. धंद्यातली गुपितं लपवायच्या ऐवजी हा माणूस ती पडद्यावर मांडतो, म्हणजे पद्धत उघड करतो. 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहूनही त्यांनी हेच केलं.

उतार मात्र लगेच सुरू झाला. १९१८ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पैसा आला, त्याबरोबर हिशोब मागणारेही आले. खटके उडाले, फाळके बाहेर पडले, काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, पुन्हा कंपनीत परतले. पण घडी पहिल्यासारखी बसली नाही. लोक म्हणतात व्यापाऱ्यांनी कलावंताला छळलं. मला ते अर्धंच पटतं. ज्या माणसानं प्रत्येक पायरी स्वतःच्या हातानं केलेली असते त्याला कामाची वाटणी करता येत नाही, हे मी आजूबाजूला रोज बघते. उत्तम प्रयोग करणारे सगळेच मोठी लॅब चालवू शकत नाहीत.

मग आवाज आला. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा'. बोलपटात फिल्म एका ठरलेल्या वेगानं, सेकंदाला २४ फ्रेम, पळायलाच हवी, नाहीतर आवाज बिघडतो. हातानं हँडल फिरवून, प्रसंग बघून वेग कमीजास्त करण्याची कला एका झटक्यात निरुपयोगी झाली. कॅमेऱ्याची खरखर बंद हवी, ध्वनिमुद्रक हवा, मोठं भांडवल हवं. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार होत असताना हे घडलं आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला बोलपट आला. तेव्हा वय ६७. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

त्यांच्या कामातलं आज काय उरलं आहे, ह्याचं उत्तर पुन्हा रसायनशास्त्राकडे जातं. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून पेटली की पाण्याखालीही जळत राहते. आणि पेटली नाही तरी हळूहळू कुजते: नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल होतं, ते आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी भरभर खातं. म्हणजे कुजण्याचा वेग कुजण्यानंच वाढतो. डबा घट्ट बंद ठेवणं हा घरगुती उपाय ह्यात उलटा पडतो, कारण वायू आतच कोंडतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर ह्यांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत जाऊन डबे मिळवले नसते, तर हेही हाती लागलं नसतं. 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले १४७५ फूट, आपल्या हिशोबानं साडेचोवीस मिनिटं, आज बघता येतात. ते १९१३ चे की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे, ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बऱ्याच जणांचा कौल १९१७ कडे आहे. ज्या नायट्रेटच्या सुरक्षित फिल्मवर प्रती निघाल्या ते वाचलं. पुण्यातच जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत बरंच काही गेलं.

वाटाण्याच्या चित्रपटाची प्रत आज बघायला मिळत नाही. मिनिटभर म्हणजे साठ फूट. एवढ्या फिल्मची गुंडाळी साधारण सहा सेंटिमीटर व्यासाची होते, तळहातात मावते. ती मिळाली असती, तर भिंगाखाली धरून दोन उड्यांमधल्या फ्रेम मी मोजल्या असत्या. आठ-आठचे गट दिसले की हँडलचे फेरे कळले, आणि एकेक फ्रेम वेगळी दिसली की मिनिटाचा आकडा चुकीचा.